घरी केलेला सोडा : तो कोणता, हे कसे ओळखावे?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कामगार कार्यकर्ते’ असे छापले आहे आणि विषयाच्या जागी ‘सोडा’ हा शब्द आहे. हे दोन्ही एका ओळीत वाचून पुष्कळांना वाटले असेल की, आज दारू सोडा, तंबाखू सोडा, असा काही उपदेश ऐकावयास मिळणार. तसे काही नाही. मी बोलणार आहे ते किराणा दुकानात पुडीतून मिळणाऱ्या पांढऱ्या भुकटीविषयी. शाळा माझी दहावीतच सुटली. रसायनशास्त्र मी जे शिकलो ते रद्दीतून घेतलेल्या शाळेच्या पुस्तकांतून आणि रंगखात्यातल्या पिंपांवरून. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. तराजू, हळद, चुना आणि लिंबू एवढ्या सामग्रीवर काय सिद्ध करता येते आणि काय येत नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आधी शब्दाचाच घोळ पाहा. घरात ‘सोडा आण’ म्हटले तर भज्यांत घालण्याचा सोडा येतो. धोब्याकडे तेच म्हटले तर धुण्याचा सोडा येतो, साबण करणाऱ्याकडे कॉस्टिक येतो आणि हॉटेलात बाटली येते. पहिले तिन्ही पदार्थ पांढरे, तिन्ही पाण्यात विरघळणारे, तिन्हींत सोडियम. परंतु पहिला आपण पोटात घेतो, दुसऱ्याने हाताची कातडी कोरडी पडते आणि तिसरा डोळ्यात गेला तर डोळा जातो. इतक्या भिन्न स्वभावाच्या तीन व्यक्तींना एकच नाव देऊन आपण निर्धास्त राहतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही एक प्रयोग करतो. खाण्याचा सोडा तापवून त्याचा धुण्याचा सोडा करावयाचा आणि मग तो खरोखरच झाला की नाही, हे पटवून द्यावयाचे. यात काटकसर काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण धुण्याचा सोडा बाजारात खाण्याच्या सोड्यापेक्षा स्वस्त मिळतो. पण करून दाखविणे सोपे आहे आणि पटवून देणे अवघड आहे. आत गेली ती पांढरी भुकटी, बाहेर आली तीही पांढरी भुकटी. उद्या कोणी म्हणाला, ‘तुम्ही नुसता गॅस जाळलात, पदार्थ होता तोच आहे,’ तर त्याला काय उत्तर द्याल?

कृती अशी. स्टीलची पसरट थाळी किंवा लोखंडी कढई घ्यावी. ॲल्युमिनियमची नको, कारण धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो. तीत १०० ग्रॅम खाण्याचा सोडा पातळ पसरून मध्यम आचेवर ठेवावा आणि अधूनमधून परतावा. थोड्या वेळाने एक चमत्कारिक दृश्य दिसते. कोरडी भुकटी उकळू लागते. पाणी नाही, तेल नाही, तरी जागोजाग बुडबुडे फुटल्यासारखी ती हलते. आतून वायू आणि वाफ निघते, तिने कण उचलले जातात. हे थांबले म्हणजे काम झाले, असे वाटते. परंतु डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, तराजूवर ठेवावा. भुकटी निववून वजन करावे, पुन्हा पंधरा मिनिटे तापवावी, पुन्हा वजन करावे. लागोपाठ दोन वजने सारखी आली म्हणजे थांबावे.

हे शेवटचे वजन ६३ ग्रॅमच्या जवळपास यावयास हवे. कुठून आला हा आकडा? वाण्याच्या हिशेबानेच काढू. खाण्याच्या सोड्याच्या एका रेणूत सोडियमचे २३, हायड्रोजनचा १, कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनचे तीन सोळे म्हणजे ४८, मिळून ८४ भार. असे दोन रेणू एकत्र येऊन फुटतात, म्हणजे १६८. त्यांतून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू जातो, त्याचे ४४. पाण्याचा एक जातो, त्याचे १८. एकूण गळती ६२, उरले १०६. आता १६८ ला १०६, तर १०० ला किती? ६३. शंभरातले ३७ ग्रॅम धुराड्यावाटे गेले, आणि धूर मात्र कोणाला दिसला नाही.

मला हा हिशेब पहिल्यांदा जमला तेव्हा जो आनंद झाला, तो मी पुढे एखाद्याच बोनसच्या वाटाघाटीत अनुभवला. कारण येथे समोरचा पक्ष आकडा फिरवू शकत नाही. आणि हा काही स्वयंपाकघरातला खेळ नव्हे. एर्नेस्ट सोल्वे या बेल्जियन गृहस्थाने १८६१ साली जी पद्धत काढली, तिच्यात मीठ, अमोनिया आणि चुनखडीचा वायू यांपासून प्रथम खाण्याचा सोडाच खाली बसतो आणि शेवटी तो भट्टीत तापवून त्याचा धुण्याचा सोडा, म्हणजे ज्याला कारखान्यात सोडा ॲश म्हणतात तो, करतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूर येथे टाटा केमिकल्सचा कारखाना १९३९ साली निघाला, तो याच पद्धतीवर. त्या भट्टीत जे घडते तेच आपल्या कढईत.

आता वजन ६३ न येता समजा ८० आले. याचा अर्थ काय? एक शक्यता अशी की काम अर्धवट झाले. दुसरी अशी की मूळ पुडीतच मीठ मिसळलेले होते, कारण मीठ कितीही तापविले तरी त्याचे वजन घटत नाही. या दोहोंत निवाडा करावयाचा तर पुन्हा तापवा. वजन आणखी उतरले तर काम अपुरे होते. उतरावयाचे थांबलेच असेल तर वाण्याकडे जा. आणि पुडी खाण्याच्या सोड्याची नसून बेकिंग पावडरची असेल तर हिशेब पार चुकतो. तीत सोड्याबरोबर एक आम्ल आणि बहुधा पिठूळ पदार्थ असतो. जखमेवर लावण्याच्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. पिठूळ पदार्थ असेल तर काळानिळा डाग उठतो.

एक गंमत सांगतो. बाजारात धुण्याचा सोडा कधी काचेसारख्या खड्यांच्या रूपात मिळतो. त्या खड्यांत १०० ग्रॅममागे जवळजवळ ६३ ग्रॅम नुसते पाणी असते. ते तापविले तर उरतात ३७. म्हणजे खाण्याचा सोडा तापविला तर ६३ उरतात नि ३७ जातात, खडे तापविले तर नेमके उलटे. हा आकड्यांचा योगायोग आहे, त्यात गूढ काही नाही. पण त्यावरून एवढे समजावे की, नुसती घट झाली म्हणून पदार्थ ओळखला, असे म्हणता येत नाही. काय गेले, हेही पाहिले पाहिजे. पाणी गेले की वायू गेला?

त्यासाठी चुन्याची निवळी. पानाच्या डबीतला चुना बाटलीभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा आणि वरचे नितळ पाणी अलगद काढून घ्यावे. खाण्याचा सोडा तापत असताना त्याच्या तोंडाशी काचेच्या कांडीवर निवळीचा थेंब धरला तर तो दुधाळ होतो. खड्यांच्या सोड्यावर तो नितळच राहावयास हवा. येथे एक सावधगिरी घ्यावी लागते. गॅसच्या ज्योतीतूनही हाच वायू निघतो आणि आपल्या श्वासातूनही निघतो. म्हणून आधी रिकामी वाटी तेवढाच वेळ तापवून तिच्यावर थेंब धरावा. रिकाम्या वाटीवरही तो दुधाळ होत असेल तर तुमची परीक्षा नापास, पदार्थ नव्हे. विजेची शेगडी असल्यास ही पीडा टळते.

आता हळद. जेवताना सदऱ्यावर आमटी सांडते, पिवळा डाग पडतो, आणि साबण लावताच तो रक्तासारखा लाल होतो, हा अनुभव येथील प्रत्येक गृहिणीला आहे. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते आणि तिचेच कुंकू होत आले आहे. क्षार जितका तीव्र तितकी हळद अधिक तांबडी. टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवाव्यात. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने पट्टी जेमतेम तांबूस होते, धुण्याच्या सोड्याने विटेसारखी. पण ‘जेमतेम’ आणि ‘विटेसारखी’ हे शब्द झाले, आणि शब्दांवर भांडण होते. म्हणून एकटी पट्टी पाहू नये. एका बाजूस दुकानातून आणलेला ज्ञात खाण्याचा सोडा, दुसऱ्या बाजूस ज्ञात धुण्याचा सोडा, मध्ये आपला संशयित. पाणी सारखे, चमचा सारखा, पट्टी एकाच कागदाची. शेजारच्या गिरणीत काय मजुरी आहे हे ठाऊक असल्याशिवाय आपली कमी की जास्त, हे कसे कळणार? जांभळा कोबी मिळत असेल तर त्याचे पाणी अधिक बोलके असते. खाण्याच्या सोड्याने ते निळे होते, धुण्याच्या सोड्याने हिरवे.

लिंबू पिळले की फसफसते, एवढ्यावरून पुष्कळ लोक सोडा ओळखतात. पण दोन्ही सोडे फसफसतात. खडू फसफसतो, अंड्याचे कवच फसफसते. तथापि याच परीक्षेला थोडे शिस्तीत घेतले तर तीही कामास येते. चमचाभर सोडा पेलाभर थंड पाण्यात विरघळवा आणि लिंबाचा रस थेंबाथेंबाने, सतत ढवळीत घाला. खाण्याचा सोडा पहिल्या थेंबांपासूनच बुडबुडे देऊ लागतो. धुण्याचा सोडा आरंभी गप्प राहतो. पहिले आम्ल त्याचा खाण्याचा सोडा करण्यातच खर्ची पडते, ते झाल्यावर मग तो बोलू लागतो. घाईने लिंबू पिळणाऱ्यास हा फरक कधी दिसणार नाही.

मला सर्वांत आवडते ती परीक्षा हाताच्या स्पर्शाची आहे, पण पदार्थाला स्पर्श करण्याची नव्हे. पेल्यात थोडे पाणी घेऊन त्यात तीन-चार चमचे भुकटी घालून ढवळा आणि पेला बाहेरून धरा. खाण्याच्या सोड्याने पाणी गार होते. आपण तापवून केलेल्या कोरड्या धुण्याच्या सोड्याने ते कोमट होते. खड्यांच्या सोड्याने मात्र पुन्हा गार होते, हे विसरू नये. आणि अखेरचा साक्षीदार औषधाच्या दुकानात मिळणारे एप्सम सॉल्ट. त्याचे द्रावण थंड असताना खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात घातले तर ते नितळ राहते. धुण्याच्या सोड्यात घातले तर तत्काळ पांढरा साका येतो. शाळांच्या प्रयोगशाळेत हीच परीक्षा करीत आले आहेत.

या दोहोंच्या मध्ये उभा असलेला एक तिसरा पदार्थ आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. उल्कापाताने झालेल्या त्या खळग्यातले पाणी तीव्र क्षाराचे आहे आणि त्यातला खार शतकानुशतके काढला जाई. साबण आणि काच यांसाठी लागणाऱ्या द्रव्यांचा तेथील उल्लेख ‘आईन-ए-अकबरी’त आहे. त्या खारात जो मुख्य पदार्थ सापडे, त्यात एक रेणू धुण्याच्या सोड्याचा आणि एक खाण्याच्या सोड्याचा, अशी जोडी पाण्यासह बांधलेली असते. त्याला तुम्ही वरील परीक्षा लावल्यात तर काही उत्तरे इकडची येतील, काही तिकडची. निसर्गाने आपल्या दोन खणांच्या कपाटासाठी पदार्थ घडविलेले नाहीत, हे घरी परीक्षा करणाऱ्याने मनाशी धरून असावे.

एवढा खटाटोप एका कामगार कार्यकर्त्याने कशासाठी करावा, असे कोणी मनात म्हणत असेल. त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रोसेस हाऊसमध्ये, गावाचे नि मालकाचे नाव येथे नको, रंगखात्यातला एक तरुण ‘सोडा घाल’ या हुकमाप्रमाणे पिंपातून भांडेभर पांढरी भुकटी काढून गरम पाण्यात टाकावयास गेला. रोज तो सोडा ॲश टाकीत असे. रिॲक्टिव्ह रंग कापडावर पक्का बसावा म्हणून ती लागते. त्या दिवशी पाणी भडकून उसळले आणि त्याच्या डोळ्यांत गेले. एका डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली. व्यवस्थापनाने नोटीस लावली की, पिंपात सोडा ॲशच होती, कामगाराने चष्मा घातला नव्हता, सबब दोष त्याचा. पिंपावर चिठ्ठी होती, तीवर शब्द होता ‘सोडा’. म्हणजे नोटीसही खरी आणि चिठ्ठीही खरी.

त्याच्या सोबत्यांनी एक शहाणपणाचे काम केले होते. लांब दांड्याच्या चमच्याने पिंपातली थोडी भुकटी काचेच्या बशीत काढून ठेवली होती. एकाने पिंपाच्या तोंडाशी चिकटलेला खडा घेऊन त्यावर लिंबू पिळले, आणि तो फसफसला! ‘साहेब म्हणतात ते खरे दिसते, कॉस्टिक फसफसत नाही,’ असे म्हणत दोघे-तिघे माझ्याकडे आले. कॉस्टिक फसफसत नाही हे खरेच आहे. पण उघड्या पिंपातले कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्याच्या वरच्या थराचा सोडा ॲशच होत जातो. तोंडाशी चिकटलेला खडा हा असा हवा खाल्लेला थर होता. त्याची साक्ष आतल्या मालाला लागू पडत नव्हती. बशीतली भुकटी आतून काढलेली होती. पावसाळ्याचे दिवस होते. आम्ही तिच्याशेजारी दुसऱ्या बशीत कोठारातल्या सीलबंद पोत्यातली सोडा ॲश ठेवली. सकाळी सोडा ॲश होती तशी, थोडी गोळा झालेली. दुसऱ्या बशीत मात्र पाकासारखे पाणी. हवेतली ओल ओढून स्वतःच त्यात विरघळून जाणे हा कॉस्टिकचा स्वभाव आहे.

आता या बशीच्या बळावर आम्ही खटला जिंकलो, असे समजू नका. चौकशीत बशीला कोणी विचारीत नाही. तिने एवढेच केले की, आमची खात्री पटली, आणि खात्री पटलेला मनुष्य अर्ज वेगळ्या भाषेत लिहितो. ‘भुकटीची चौकशी व्हावी’ असे न लिहिता ‘या पिंपाच्या आतील थराचा नमुना साक्षीदारांसमक्ष सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवावा’ असे आम्ही लिहिले. कारखाना निरीक्षकाने तसा नमुना घेतला. अहवाल कॉस्टिकचा आला आणि नुकसानभरपाईचा मार्ग मोकळा झाला. डोळा काही परत आला नाही.

आपण कशाजवळ उभे आहोत हे जाणण्याचा हक्क या देशातल्या कामगाराला फार महाग मिळाला आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले, तेव्हा हजारो माणसे इस्पितळात आली आणि नेमके कशावर उपचार करावयाचे, याची पुरेशी माहिती डॉक्टरांजवळ नव्हती. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देण्याचे बंधन मालकावर आले. माहितीपत्रक मागणे हा तेव्हापासून आमच्या कामाचा भाग झाला. परंतु पत्रकावरचे नाव आणि पिंपातला माल एकच आहे, हे पत्रक सांगू शकत नाही.

म्हणून मी परीक्षा शिकवितो, आणि त्याबरोबर परीक्षेची हद्दही शिकवितो. घरगुती परीक्षा ‘हा की तो’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. संशयित दोन-तीन असावेत, ते आधी ठाऊक असावेत, तरच ती उपयोगी. ‘हे काय आहे?’ या उघड्या प्रश्नापुढे ती मुकी होते. रस्त्यावर सापडलेली, बिनचिठ्ठीची, कुठून आली हे ठाऊक नसलेली भुकटी घरी आणून तिच्यावर लिंबू पिळणे हा शुद्ध अविचार आहे. चाखून पाहणे तर कोणत्याच परीक्षेत बसत नाही. काही लोक कॉस्टिक ओळखण्यासाठी ते दोन बोटांत चोळून बुळबुळीत लागते का पाहतात. ती बुळबुळ म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कातडीचा साबण होत असतो. डोळ्यांत क्षार गेलाच तर लिंबूपाणी वगैरे काही न शोधता वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धरावा आणि तसेच इस्पितळ गाठावे.

घरी केलेल्या दारूच्या बाबतीत तर ही हद्द जीवनमरणाची आहे. ज्योत निळी जळली म्हणजे दारू निर्धोक, असा एक समज वस्त्यांतून रूढ आहे. मी तो अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. साधे अल्कोहोल निळसर जळते आणि विषारी मिथाइल अल्कोहोलही निळसरच जळते. दोन्ही मिसळली असतील तर ज्योतीवरून कोणीही सांगू शकणार नाही. वासावरून नाही, चवीवरून नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांच्यात रोजंदारीवर राबणारे पुष्कळ होते. या बाबतीत मला कोणी घरगुती परीक्षा विचारली तर मी सरळ सांगतो की, ती नाही. प्रयोगशाळा आहे.

असो. सोड्याकडे परत येऊन एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. आपण केलेला धुण्याचा सोडा निवताच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावा, कारण दमट हवेत तो पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन हळूहळू वजनाने वाढतो आणि मागे फिरू लागतो. बरणीवर नुसते ‘सोडा’ लिहू नये. ‘धुण्याचा सोडा, खाण्यासाठी नाही’ असे पूर्ण लिहावे, खाली तारीख आणि त्या दिवशीचे वजन लिहावे, आणि बरणी स्वयंपाकघरात ठेवू नये. सहा महिन्यांनी तिचे काय झाले असेल, हे पाहावयाचे तर पुन्हा कढई आणि तराजू आहेतच.

या टेबलावर मी तीन वाट्या मांडल्या आहेत. एकीत खाण्याचा सोडा आहे, एकीत काल रात्री मी त्यापासून केलेला, आणि तिसरीत दोन्हींचे मिश्रण. कोणती कोणती, हे फक्त अध्यक्षांना ठाऊक आहे, कारण वाट्यांची अदलाबदल त्यांनी माझ्या पाठीमागे केली आहे. शेजारी हळदीच्या पट्ट्या, एप्सम सॉल्टचे पाणी आणि निवळीची बाटली आहे. दोन्ही सोड्यांचे ज्ञात नमुने चिठ्ठ्या लावून वेगळे ठेवले आहेत. ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी व्यासपीठावर यावे. मुलांनी मोठ्यांबरोबर यावे, आणि चमचे प्रत्येक वाटीचे तिचे तिलाच ठेवावेत.